समोर असेल त्याला

१

"काका, आजींचा आवाज गेला."

तेजस्विनी दारातच उभी होती. एक चप्पल पायात, तुटलेली दुसरी हातात. पेठ गावच्या हमरस्त्यावरून ती धावत आली होती आणि श्वास अजून मागेच कुठेतरी येत होता.

धम्मपाल ओसरीवर मांडी घालून वडिलांच्या कानातल्या मशीनचे सेल बदलत होता. डाळीच्या दाण्याएवढे सेल, आणि बोटं एकसष्ट वर्षांची. खरं तर रविवारीच नवे घातले होते. पण आज सकाळी भागुजीबाबा बाहेरून आले, मशीन काढून त्याच्या हातावर ठेवलं, "बंद पडलं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. न्याहारीला शिवलेसुद्धा नाहीत. नवल असं, की जुन्या सेलवरही मशीन मुठीत धरलं की बारीक शिट्टी घालत होतं. शिट्टी घालतंय म्हणजे जिवंत आहे. धम्मपालला ते कोडं सुटेना, आणि तेवढ्यात हे दुसरं दारात येऊन ठेपलं.

आजींचा आवाज म्हणजे त्याच्या आईचा, चिमाबाईचा. तसा तो आठ महिन्यांपूर्वीच गेला होता, घशाच्या ऑपरेशनात. पण चिमाबाई शहाणी. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी तिनं घरचं जातं टेम्पोत घालून तेजस्विनीच्या स्टुडिओत नेलं, पदर खोचला आणि पन्नास मिनिटं ओव्या म्हटल्या. डॉक्टर काढून घेणार त्याच्या आत मी माझा आवाज पोरीकडं ठेवाया देते, असं ती म्हणाली होती. ठेव म्हणून दिलेलं ते एकच ध्वनिमुद्रण. आज संध्याकाळी पाच वाजता निमगाव सावाच्या नव्या वाचनालयात त्याचा पडदा उघडायचा होता. पडद्यावरच्या चित्राला बोट लावलं की ओवी उमटणार, आणि चिमाबाई आपल्या जन्मगावात पुन्हा एकदा बोलणार.

धम्मपालनं तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. कोण बोलतंय, कोण पाहिजे, मधे तार कुठं तुटली, एवढ्या तीन प्रश्नांवर सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर पेठेत कुणाची म्हैस चुकली, कुणाचा दाखला हरवला, की माणसं त्याच्याच ओसरीला यायची. पण आज हरवलेली वस्तू त्याच्या स्वतःच्या घरची होती.

"गेला म्हणजे बिघडला?"

"पुसलाय काका. आरंभापासून शेवटापर्यंत. फाइलीचं नाव तसंच आहे, आत काही नाही. रिकामी करून वर जपून ठेवलीय. सकाळी आठ एकतीसला."

२

स्टुडिओ म्हणजे रस्त्यालगतच्या गाळ्यातल्या दोन खोल्या. आतल्या खोलीला कोंबड्यांच्या अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून. तिथं एकच मोठा संगणक आणि त्याला दोन पडदे. डावीकडे आवाजाचं काम, उजवीकडे चित्राचं.

धम्मपालनं आधी दुसऱ्या प्रतीचं विचारलं. तेजस्विनीनं मान खाली घातली. दुसरी प्रत होती, निराळ्या पेटीत होती. पण रोज नऊ वाजता ती पेटी आपोआप ताजी होते. जुनं काढते, नवं घेते. आज तिनं नऊ वाजता इमानानं रिकामी फाइल घेतली आणि भरलेली टाकून दिली. ज्या कार्डावर मूळ आवाज टिपला होता, त्यावर नंतर तीन लग्नं चढली होती.

"आपोआप म्हणजे कोण करतं?"

मग तिनं समजावलं. आवाज कापायचा प्रोग्राम वेगळा, चित्र हलवायचा वेगळा आणि बोट लावलं की काय व्हावं ते मांडायचा तिसराच. तिघांचे बनवणारे वेगळे, तिघांची भाषा वेगळी. म्हणून तिनं एक स्क्रिप्ट लिहिली होती. रोजगार हमीच्या कामावर बाया ओळीनं उभ्या राहून मातीची पाटी हातोहात पुढं देतात ना, तशी. रोज बरोबर साडेआठला स्क्रिप्ट जागी व्हायची. आवाजाच्या प्रोग्रामला म्हणायची, उचल. चित्राच्या प्रोग्रामला म्हणायची, घे आणि ठेव. तिसऱ्याला म्हणायची, याला बटण लाव. रोज एक ओवी याप्रमाणे एक्केचाळीस ओव्या पडद्यावर गेल्या होत्या, कुणी बोटही न लावता. आज शेवटची, बेचाळिसावी.

पडद्यावर गेलेल्या त्या ओव्या तरी शाबूत असतील, धम्मपाल म्हणाला. तिनं मान हलवली. चित्राच्या फाइली आवाज स्वतःत ठेवत नाहीत, मूळ फाइलीकडे बोट दाखवतात. मूळ रिकामं झालं तशी ती सगळी बोटं हवेत राहिली.

धम्मपालनं खुर्ची ओढली. खोलीची किल्ली कुणाकडे?

दोघांकडे, ती म्हणाली. एक तिच्याकडे, एक सूरजकडे. सूरज चित्रांचं काम करायचा, मूळ निमगावचाच, आणि कुंडलिकशेठचा सख्खा भाचा. हे नाव आलं तशी तिची जीभ धारेला लागली. कुंडलिकशेठ म्हणे आज सकाळी इथंच येऊन बसला होता. आज निमगावची यात्रा; तिच्यात बैलगाड्यांची शर्यत त्याची, गाडे पळायचा घाट त्याचा, आणि वाचनालयाच्या पडद्यावर त्याचा डोळा. मागच्याच आठवड्यात तो चार माणसांत म्हणाला होता, जात्याची घरघर ऐकाया कोन येतंय राव, पडदा घाटावर लावा, आमची बैलं दावा.

"मग चोर शोधायला फार लांब जायला नको," तेजस्विनी म्हणाली.

धम्मपाल उठून दाराकडे निघाला. तेहतीस वर्षांत त्यानं एवढं पाहिलं होतं, की ज्याचा आवाज मोठा त्याचीच लाइन खराब असते असं नाही.

३

रस्त्यापलीकडे बायडाबाईची चहाची टपरी. तिच्या लेखी जगात घड्याळ नव्हतं; कोण कुठल्या चहाला आला, यावर तिची वेळ चालायची, आणि तहसीलदाराचं घड्याळ चुकेल पण हिची किटली चुकायची नाही.

तिनं बोटं मोडत सांगितलं. सूरज पहिल्या चहाला, म्हणजे पावणेआठ. भागुजीबाबा सव्वाआठला काठी टेकीत आत गेले, रोज जातात तसे. मग नाशिककडची एसटी थांबली तेव्हा, म्हणजे साडेआठला, सूरज पुन्हा बाहेर येऊन चहा प्यायला, शीळ घालत. बाबा थोड्या वेळानं निघाले, पण आज रामराम न घालता, कुणी मेल्यागत. कुंडलिकशेठची गाडी आली ती नऊला. तेजाबाई बाळाला अंगणवाडीत सोडून आली ती दहा वाजून गेल्यावर.

"आन् शेठ लई तापला व्हता," बायडाबाई म्हणाली. "तीन कप चहा ढोसला हितं बसून. म्हणं आठ मिंटाचा पिच्चर, आन् मशीनला घंटाभर लागतोय. धाला हातात पडला तवा गेला एकदाचा."

धम्मपालनं मनात एक गाठ मारली. नऊला आलेला माणूस आठ एकतीसची चोरी करू शकत नाही. कुंडलिकशेठ सुटला. पण त्याला कोणता पिच्चर हवा होता, आणि तेजस्विनीला त्याचा पत्ता कसा नाही?

सूरज मागच्या खोलीत वायरी गुंडाळत होता. पंचविशीचा पोरगा. मी नऊला आलो, असं तो म्हणाला. धम्मपालनं त्याला पावणेआठचा चहा, साडेआठचा चहा आणि शीळसुद्धा ऐकवली. पोराच्या हातातली वायर सुटली.

मग सारं बाहेर आलं. मामाच्या शर्यतीचा आठ मिनिटांचा पिच्चर तो तेजाताईला न सांगता सकाळी सकाळी याच मशीनवर करीत होता. साडेआठला मशीनला हात लावायचा नाही हा ताईचा नियम, म्हणून त्या वेळी तो चहाला बाहेर पडला. परत येऊन त्यानं पिच्चर तयार करायला लावला, पेन ड्राइव्हमध्ये घालून मामाला दिला आणि ताईला दिसू नये म्हणून मशीनवरनं समूळ पुसून टाकला.

"मामाचा पिच्चर पुसला काका. आजींचा न्हाई. आईची आण."

"आणि बाबा?"

"बाबांना मीच आजींची फाइल उघडून दिली व्हती, कानाला हेडफोन लावून. रोजच देतो. ते सगळं ऐकत न्हाईत, शेवटची तीन मिनटं फक्त. मी चहाला गेलो तवा ते एकटेच बसले व्हते."

सूरज पुढंही काही बोलत होता, पण धम्मपालच्या कानात नुसती घूं झाली. आठ एकतीसला त्या फाइलीसमोर एकच माणूस होता, आणि तो त्याचा बाप होता.

४

आता त्याला नको ते आठवू लागलं. दोन महिन्यांपूर्वी तेजस्विनी शेवटची ओवीही पडद्यावर घेऊ या म्हणाली, तेव्हा भागुजीबाबा काठी आपटून उठले होते. त्या शेवटाला हात लावला तर समदंच पुसून टाकीन, असं ते म्हणाले होते. सगळे हसले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, संगणकाला टीव्ही म्हणणारा. आज शेवटच्या ओवीचा दिवस होता, आणि समदंच पुसलं गेलं होतं.

घर पाचशे पावलांवर, पण ती पाचशे पावलं जड झाली. तेजस्विनी त्याच्या शेजारून, त्याच्याच चालीनं चालत होती. 

ओसरीवर चिमाबाई निघायच्या तयारीत बसली होती. पांढरी नऊवारी, गळ्याला रुमाल. तिनं हातानं खूण केली, वाजले किती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात बाबा तसेच, भिंतीकडे तोंड.

धम्मपालनं मशीन त्यांच्या कानात बसवलं, समोर उकिडवा बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाची उलटतपासणी घ्यायला शब्द जुळवू लागला. पण बाबाच आधी बोलले, डोळे मिटून.

"धम्मा, दोन्ही कान गेले रं माजं. हिचा आवाज चालू व्हता, चांगला चालू व्हता, आन् मधीच तुटला. म्या लई दाबून धरलं कानाला. काय बी न्हाई. तिकडं ऐकू येत न्हाई म्हंजी आता कुटंच यायचं न्हाई."

धम्मपाल जवळ सरकला. मग त्यानं हळूच, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत विचारलं, "आत्ता माझं ऐकू येतंय का, बाबा?"

"येतंय की," बाबा म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

धम्मपाल ताडकन उठला. सकाळपासून मुठीत शिट्टी घालणारं ते मशीन खोटं बोलत नव्हतं. सेल बरे होते, कानही बरे होते. बाबांच्या कानात आवाज तुटला तो तिकडे फाइलीतून आवाज उपटला गेला म्हणून, आणि ते बिचारे स्वतःलाच दोष देत घरी आले. ज्यानं स्वतःच्या हातानं पुसलं, तो माणूस कान गेले म्हणून सेल बदलायला कशाला देईल?

बाबा सुटले. सूरज बाहेर, कुंडलिकशेठ रस्त्यावर, तेजस्विनी अजून आलेलीच नव्हती. खोलीत कुणीही नव्हतं, आणि तरी कुणीतरी आत शिरून पन्नास मिनिटांचा आवाज उचलून नेला होता.

"तेजा," तो म्हणाला, "साडेआठला खोलीत तुझा एक माणूस होता. त्याची जबानी राहिली."

५

पुठ्ठ्यांच्या खोलीत तेजस्विनीनं स्क्रिप्ट पडद्यावर आणली. धम्मपाल म्हणाला, मला इंग्रजी नको, मराठीत वाच, तू त्यांना काय सांगतेस ते जसंच्या तसं.

ती वाचू लागली. "आवाजाच्या प्रोग्रामा, समोर जी फाइल उघडी आहे, तिच्यातलं सगळं कापून उचल. मग ती जतन कर आणि बंद कर. चित्राच्या प्रोग्रामा, समोर जी फाइल उघडी आहे, तिच्या शेवटी हे ठेव, आणि..."

"थांब. कुठली फाइल?"

"समोर असेल ती."

"नाव?"

नाव नव्हतं. रोज ओवी वेगळी, रोज नाव वेगळं. दर दिवशी स्क्रिप्ट कोण बदलत बसणार. जाताना ती डाव्या पडद्यावर त्या दिवसाच्या ओवीची, मूळ आवाजाकडे नुसतं बोट दाखवणारी छोटी फाइल आणि उजव्यावर तिचं चित्र उघडं ठेवून जायची. रात्रीतून कोण येतंय? म्हणून तिनं लिहिलं होतं, समोर असेल त्याला. एक्केचाळीस दिवस समोर बरोबर तीच फाइल होती.

धम्मपाल हसायला लागला. तेजस्विनीला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

"मी जन्मलो नव्हतो तेव्हाची गोष्ट, दोघं निमगावातच राहायची," तो म्हणाला. "आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा धनी म्हणून सुटायची. हाक मारायची ती 'अवं, ऐकलं का', बस. एकदा भर उन्हात भाकरी घेऊन शेतावर गेली. आंब्याखाली पाठमोरा माणूस, डोक्याला तसंच मुंडासं. अवं, ऐकलं का, भाकरी ठेवलीया, म्हणाली, त्याच्या मागं ठेवली आणि खाली मानेनं परत. संध्याकाळी बाबा उपाशी घरी. भांडण जुंपलं. ही म्हणती मी दिली, ते म्हणतात मला नाही मिळाली. दोघंही खरं बोलत होते."

"मग भाकरी कुणी खाल्ली?"

"समोर होता त्यानं. जानकूअण्णानं, कुंडलिकशेठच्या बापानं. तेव्हा आमच्या हातचं पाणीसुद्धा चालत नव्हतं त्यांना. पण माणूस भुकेला होता, आणि भाकरीवर नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फडकं धुऊन पाठवलं, आत गुळाचा खडा बांधून." तो टेबलावर पुढं झुकला. "तेजा, भाकरी हरवली नव्हती. भाकरी पोचली होती, फक्त दुसऱ्याला. तुझ्या माणसानं आज आवाज पुसला नाही. त्यानं उचलला. उचललेलं त्यानं कुठं ठेवलं?"

"समोर असेल त्या..." तिचा शब्द अर्ध्यात विरला. तिची नजर उजव्या पडद्याकडे गेली. "साडेआठला चित्राच्या प्रोग्रामात काय उघडं होतं, सूरज?"

सूरज वायरी घेऊन दारात उभा होता. "मामाचा पिच्चर," तो म्हणाला.

आता एकेक कडी आपोआप पडत गेली. डावीकडे त्या दिवसाच्या छोट्या ओवीवर सूरजनं बाबांसाठी मूळ फाइल उघडली. उजवीकडे बैलांचा पिच्चर. एरवी चहाला जाण्याआधी तो दोन्ही मिटायचा, आज मामाच्या घाईत ते राहून गेलं. साडेआठला आज्ञा आली, तिनं नावगाव विचारलं नाही. पन्नास मिनिटांचा सगळा आवाज उचलला आणि आठ मिनिटांच्या शर्यतीच्या शेपटाला नेऊन बांधला. म्हणून तर दहा मिनिटांच्या कामाला मशीनला घंटाभर लागला, म्हणून शेठनं तीन चहा ढोसले. पिच्चर आता अठ्ठावन्न मिनिटांचा होता. आधी बैलं, मग काळा पडदा, आणि त्या काळोखात चिमाबाई. एरवी चित्राच्या फाइलीनं नुसतं बोट दाखवलं असतं. पण आज मूळ आवाजच कापून आणलेला होता, तो पोटात घेऊनच पिच्चर पक्का झाला होता.

"मशीनवरचा पिच्चर तू पुसलास," धम्मपाल म्हणाला. "म्हणजे आता जगात एकच प्रत. मामाच्या खिशात. लाव फोन."

सूरजनं सहा वेळा लावला. घाटावर फोन कुणाला ऐकू येतोय. सातव्यांदा लावता लावता त्याचा हात थांबला.

"काका, दोन वाजता मामा पिच्चर लावनार ट्रकवरच्या पडद्यावर. आन् संपला की पेन ड्राइव्ह पुसून त्यात फायनलची बारी टिपून घ्यायची, असं ठरलंय. मीच सांगितलंय तसं करायला."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा... नाही, सूरजनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. छोटा काटा बाराच्या पुढं निघून गेला होता. पाऊण वाजला होता.

६

तेजस्विनीच्या जीपमध्ये पुढं ती आणि धम्मपाल, मागं सूरज, आणि त्याच्याशेजारी भागुजीबाबा आणि चिमाबाई, कारण त्यांना निमगावला न्यायचंच होतं. म्हाताऱ्यांना वाटलं कार्यक्रमाची घाई. मंचर मागं पडलं, कळंब मागं पडलं. नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपांनी रस्ता अडवलेला. तेजस्विनीनं एकदाही शिवी दिली नाही, फक्त हॉर्नवरचा हात काढला नाही. उजवीकडे वळल्यावर रस्ता मोकळा झाला, आणि जीप जणू तिलाच कुणी नावानं हाक मारली असावी तशी सुटली.

तिनं एकदाच तोंड उघडलं. "काका, चोर मीच निघाले."

"चोर नाही. तू फक्त नाव घ्यायला लाजलीस," धम्मपाल म्हणाला. "नवऱ्याला काय म्हणतेस?"

"अहो."

"मग झालं तर."

आणि एवढ्या धास्तीत ती दोघं खो-खो हसली.

दोन वाजून सहा मिनिटांनी घाट दिसला. उतारावर माणसांचा मळा फुललेला, हवेत भंडाऱ्याची पिवळी धूळ, टोप्या, फेटे, छत्र्या. जीप गर्दीच्या कडेलाच अडली. समोर ट्रकवर मोठा पडदा, आणि पडद्यावर बैलं पळत होती. पिच्चर सुरू झाला होता.

धम्मपाल उतरला आणि घुसला. एकसष्टाव्या वर्षी माणूस धावत नाही, पण तो धावला. पावणं, वाट द्या, भाऊ, जरा सरा. कुणी ढकललं, कुणी हटकलं. पडद्यावर निशाण पडलं, गुलाल उडाला, कुंडलिकशेठचा फोटो आला, भोवती फुलं फिरली. आणि पडदा काळा झाला.

ट्रकजवळच्या पोरानं पेन ड्राइव्हकडे हात नेला. धम्मपाल अजून पन्नास हात लांब होता. त्यानं ओरडायला तोंड उघडलं, पण श्वासच उरला नव्हता.

तेवढ्यात कर्ण्यांतून घरघर आली. दगडावर दगड फिरल्याची, खाली दाणा असल्याची, जड, ओली घरघर. मग त्या घरघरीतून एक आवाज वर आला, जसा पहाटे चुलीतून धूर वर येतो तसा.

पहिली माझी ओवी गं, भीमरायाच्या नावाला
उजेड त्यानं दिला, माझ्या अंधाऱ्या गावाला.

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, अरं बंद कर ते. पोराची बोटं पेन ड्राइव्हवर टेकली. आणि ट्रकच्या फाळक्यावर बसलेला जाडजूड कुंडलिकशेठ उठला, त्यानं त्या पोराचं मनगट धरलं.

"हात लावू नगं," तो म्हणाला. समोर माइक होता, म्हणून ते साऱ्या घाटानं ऐकलं. "चिमाबाईचा आवाज हाय ह्यो. माझ्या बापानं हिच्या हातची भाकरी खाल्लीया."

दुसरी माझी ओवी गं, कुकडीच्या पाण्याला
पाणी नाही पुसत, कोण आलं पिण्याला.

धम्मपाल पोचला तेव्हा त्याला बोलताच येईना. तेजस्विनी आणि सूरजनं मागून येऊन सारं सांगितलं. शेठनं ऐकून घेतलं, भाच्याच्या पाठीत एक धपका घातला, आणि धम्मपालच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या घराकडं तुमचं चुकूनच येतं बगा, भाऊ. पर येतं ते चांगलंच येतं."

मग तो माइककडे वळला. ऊन लई हाय, बैलांचं खूर पोळत्यात, ऊन उतरल्याबिगर फायनल न्हाई, तवर गपगुमान ऐका, असं त्यानं जाहीर केलं. माणसं कुरकुरत बसली. पहिल्या दहा ओव्यांत कुरकुर संपली. विसाव्या ओवीला यात्रेतल्या बाया तंबूंतून उठून आल्या, फुगेवाली आली, पाळण्यावरच्या पोरी उतरून आल्या. पुढच्या ओळी कुणाकुणाच्या तोंडी आपोआप येऊ लागल्या. बैलसुद्धा जोखडाखाली उभे राहून कान हलवीत होते. तेजस्विनी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पिच्चर संपेपर्यंत पेन ड्राइव्हला हात लावायचा नाही, आणि लावायचा तर नाव सांगून, हे तिनं सूरजला दोनदा बजावलं.

धम्मपाल जीपपाशी परत आला. चिमाबाई काचेतून पडद्याच्या काळोखाकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. शेजारी भागुजीबाबा ताठ बसले होते. ते काही मोजत होते. शेवटची तीन मिनिटं यायची होती.

बापाला इतके दिवस त्या तीन मिनिटांत काय सापडत होतं, ते धम्मपालला ठाऊक नव्हतं. तेजस्विनीला ते ध्वनिमुद्रणाच्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती लॅपटॉप मिटून जीपकडेच पाहत होती.

जात्याची घरघर मंदावली. दाणे सरत आले असावेत. आवाज खाली आला, बाजूला बसलेल्या एकालाच सांगावं तसा, आणि कर्ण्यांनी तो पाच गावांना सांगितला.

सरत आलं दळण, सुपात उरला एक पसा
पासष्ट वर्सं झाकला, भागुजी नावाचा कवडसा.

घाटावर एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. चिमाबाईनं पदर तोंडावर ओढला. लाजेनं तिचे कान लाल झाले होते, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

भागुजीबाबांनी कानातलं मशीन बोटानं घट्ट दाबलं, मान वळवली, आणि तिच्याकडे बघून म्हणाले,

"ओ."